टेपचं दुसरं टोक

खिडक्यांची मापं घ्यायला जाणं म्हणजे काही शिकारीला जाणं नव्हे. पिशवीत टेप, पेन्सिल, कापडाच्या नमुन्यांचा गठ्ठा आणि नाकावरून सारखा घसरणारा चाळिशीचा चष्मा, एवढ्या तयारीवर पडदेवाली गेली कित्येक वर्षं लोकांच्या घरात शिरत होती. दुसऱ्याच्या घरात डोकवायला इतकं सज्जन कारण दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत नाही, असं ती स्वतःच सांगायची. दूधवाला दारात थांबतो, डॉक्टर पलंगापाशी थांबतो, पण पडदेवालीला सगळ्या खोल्या उघडून दाखवाव्या लागतात, अगदी जिथे न धुतलेल्या कपड्यांचा ढीग कोंबलेला असतो तीसुद्धा. आणि दाखवली की ती बघणारच. बघितलं की तिला संशय येणारच. स्वभावाला औषध नसतं, दुसरं काय.

त्या दुपारचं काम मात्र घरचंच होतं. तिची धाकटी बहीण नवऱ्यापासून वेगळी झाली होती. सोबत पहिलीतली लेक, जिला एका जागी बसता येत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणायचे. एकटी बाई आणि लहान मूल म्हटलं की घरमालकांचे चेहरे कसे होतात ते धाकटीला आता पाठ झालं होतं. कुणाकडे अचानक पुतण्या राहायला येणार असायचा, कुणाला रंग काढायचा असायचा. मैत्रिणीच्या घरी किती दिवस पथारी टाकणार? पडदेवालीकडे जागा असती तर प्रश्नच नव्हता. पण तिच्याकडे दोनच खोल्या. एक शिवणाची, आणि दुसरीत नवरा, सासूबाई आणि सासूबाईंची मतं.

आणि मग हे घर मिळालं. वरचा मजला, उजेडाचा, शाळा जवळ. घरमालक खालीच राहणारे, वयस्कर, एकटे. त्यांनी काहीही विचारलं नाही. नवरा कुठे असतो, रात्री किती वाजता येता, पाहुणे किती... काही नाही. फक्त संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाले. धाकटी आनंदाने रडायची बाकी होती. पडदेवालीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. चौकशी न करणारा घरमालक तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

धाकटीला हे सांगायची सोय नव्हती. पडदेवालीचा संशय घरात चेष्टेचा विषय होता. तिला दूधवाल्याचा संशय यायचा, शेजारणीच्या शिकवणीचा यायचा, चांगल्या आंब्याचासुद्धा यायचा. आजवर तो खरा ठरला होता एकदाच, धाकटीच्या नवऱ्याच्या बाबतीत. नेमकं तेव्हाच तिचं कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून ती जास्तच चेकाळली होती. म्हणून तिने शहाण्यासारखं ठरवलं, की पडद्यांची मापं घ्यायच्या निमित्ताने आपण आधी जायचं, घर कोपरान् कोपरा बघायचं. भिंगरीची शाळा सुटली की दोघी तिकडेच येणार होत्या. तोवर काय ते कळेल.

एकच अडचण होती. तिचा नवरा, ज्याला अख्खी गल्ली मास्तर म्हणते आणि तीही म्हणते, कंबर धरून पडला होता. मापं घ्यायला दोघं लागतात. एकाने टेपचा डबा धरायचा, दुसऱ्याने टेपचं टोक. ती म्हणायची, "धर." तो म्हणायचा, "धरलं." ती आकडा वाचायची आणि म्हणायची, "सोड." त्यांच्या संसारात भांडण न होता पार पडणारं संभाषण एवढंच. पण "सोड" म्हटलं की मास्तर टोक सोडून द्यायचा नाही. सोडलं की स्टीलची टेप सापासारखी सळसळत डब्यात शिरते, टोकाची आकडी तुटते, बोट कापतं. तो टोक हातात धरून, चालत चालत तिच्यापर्यंत आणून द्यायचा. शिकलेला माणूस असंच करतो. नवशिका सोडून देतो.

घरमालक फाटकातच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली, आवाज मऊ. ती वर निघाली तसे ते तिच्यामागून जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

त्यांनी सांगितलं की मापं घ्यायची खरं तर गरजच नाही, त्यांना पाठ आहेत. आणि त्यांनी सगळ्या खिडक्यांची रुंदी-उंची कविता म्हणावी तशी म्हणून दाखवली. पडदेवालीने मान डोलावली आणि त्यातलं एक अक्षर धरलं नाही. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापावर कात्री चालवायची नाही, हे ती चटके खाऊन शिकली होती. पण आपल्या घराच्या खिडक्यांची मापं तोंडपाठ असणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. लोकांना लग्नाची तारीख आठवत नाही.

मग त्यांनी हळूच आणखी एक सांगितलं. पडदे जमिनीपासून चांगले वीतभर वर ठेवा.

ती म्हणाली की काका, जमिनीला टेकेल-न टेकेल इतका लांब असला तरच पडदा शोभतो, वीतभर वर म्हणजे धुऊन आटलेल्या विजारीसारखा दिसेल.

"दिसू दे," ते म्हणाले. हसले नाहीत.

ओल, पडदेवालीने मनात निकाल दिला. खाली भिंतीला ओल असणार, पडद्याच्या काठाला बुरशी धरत असणार, आणि हे गृहस्थ ते झाकतायत. जरा बरं वाटलं तिला. ओळखीचा संशय हा संशयातला सगळ्यात सुखाचा.

घर उघडंच होतं. आत शिरून ती थेट गुडघ्यावर बसली. फरशी कोरडी. भिंतीच्या कडेने हात फिरवला, हाताला पांढरं लागलं नाही. नळ सोडून पाहिले, कड्या लावून पाहिल्या, मोरीत वाकून वास घेतला, दाराला कुठे डोळा लावायला भोक आहे का तेही पाहिलं. खोट सापडेना. खोट सापडत नाही म्हणून माणसाने खूश व्हावं, तर ही जास्तच बेचैन झाली.

तिला खटकल्या त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे वास. बंद घराला कोंदट वास येतो, कपाटातल्या जुन्या कागदासारखा. इथे वास होता नव्या कापडाचा. ठाण नुकतं उघडून टर्रकन फाडलं की खळीचा वास येतो ना, तसा. आणि दुसरी म्हणजे चौकटींवरची भोकं. पडद्याचा दांडा बसवायला भोकं पाडावी लागतात, भाडेकरू गेला की मालक ती पुट्टीने बुजवतो. इथे बुजवलेल्या भोकांशेजारी बुजवलेली भोकं होती, त्यांच्यावर पुन्हा नवी, बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघरात, सगळीकडे. एवढे भाडेकरू? आणि प्रत्येकाने नवे पडदे करून घेतले, आणि गेला?

बाहेरच्या खिडक्या लहान होत्या. टेपची आकडी कोपऱ्यात अडकवून तिने एकटीनेच मापं घेतली, वर, मध्ये आणि खाली, कारण कुठलीच खिडकी देवाने किंवा गवंड्याने सरळ केलेली नसते. मग ती आतल्या खोलीत गेली. ही खोली भिंगरीची होणार होती. एक अख्खी भिंत म्हणजे खिडकीच होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडच्या टोकाला कुणाचातरी जुना पडदा तसाच लटकत होता, बाजूला सारून गोळा केलेला. जाड, अस्तर लावलेला, चुण्या हाताने घातलेल्या. इतकं भारी कापड मागे टाकून कोणी घर सोडत नाही. आणि तो पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खाली स्वच्छ फरशी दिसत होती.

बाहेर ऊन होतं. कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली, कुणाची तरी स्कूटर चालू होईना. असली भरदुपार. घाबरायला काही जागाच नव्हती.

टेपचं टोक तिने त्या गोळा केलेल्या पडद्यामागे, चौकटीच्या कोपऱ्यात सरकवलं, आणि डबा घेऊन मागे मागे सरत खिडकीच्या या टोकाला आली. मधेच टेप लचकली. टोक निसटणार, पुन्हा तिथवर खेप पडणार. वैतागली. आणि वैतागलेल्या तोंडातून, वर्षानुवर्षांच्या सवयीने, शब्द निघून गेला.

"धर."

टेप ताठ झाली.

तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही, हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. काम करणाऱ्याचं डोकं कामातच असतं. तिने चष्मा वर सरकवला, आकडा वाचला, पेन्सिलीने नमुन्याच्या कडेवर टिपला आणि म्हणाली, "सोड."

आणि टेप यायला लागली. सळसळत नाही. हळूहळू. एका चालीने. मधे न थांबता, न लचकता, जसं कुणीतरी टोक बोटांत धरून तिच्या दिशेने चालत येतंय. डब्याच्या तोंडाशी आकडी टक् करून बसली, अलगद, कडी लावल्यासारखी. मास्तरच्या हातून बसते तशी.

मास्तर तर घरी कंबर धरून पडला होता.

खोलीत कोणी नव्हतं. तिच्यासमोर रिकामी फरशी होती, फरशीवर ऊन होतं. खळीचा वास मघापेक्षा जवळ आला होता. पहिला संशय अर्थातच घरमालकांवर गेला. दोरी असेल, लोहचुंबक असेल, म्हाताऱ्याला काहीतरी चाळा असेल. तिने जाऊन तो पडदा झटकला, मागे पाहिलं. भिंत आणि चौकट. दोरी नाही, फट नाही. खाली वाकून पाहिलं. काही नाही.

शहाण्या बाईने तिथूनच पिशवी उचलून चालू पडावं. पण धाकटीला काय सांगायचं होतं? टेप सावकाश आली म्हणून घर नको? ती पोट धरून हसली असती. नक्की काय ते बघायला हवं होतं. भिंगरी या खोलीत झोपणार होती.

तिने पुन्हा टोक पडद्यामागे सरकवलं, पुन्हा मागे सरत आली. टेपची कळ दाबून ती अडकवली, म्हणजे आपोआप आत जायला नको.

"धर..."

टेप ताठ झाली. या वेळी ती आकड्याकडे बघत नव्हती, टेपकडे बघत होती. डबा तिच्या छातीशी होता. टोक तिने खिडकीच्या कट्ट्याशी सरकवलं होतं, म्हणजे टेप तिच्याकडून पलीकडे उतरायला हवी. उतरत नव्हती. पिवळी पट्टी तिच्या हातातून सरळ निघाली होती आणि पलीकडे जाता जाता वर चढत होती. वर, आणखी वर. टोक पडद्यामागे शिरत होतं ते त्याच्या माथ्यावरून, दांड्याच्याही जरा वर, जिथे भिंत संपून छत सुरू होतं.

तिने डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. ठेवला म्हणजे काय, हातातून गेला. पिशवी उचलली की नाही ते तिला आठवत नाही. ती दारातून बाहेर आली आणि जिन्यात येऊन उभी राहिली, कान खोलीकडे लावून. टोक धरलेलं कुणी सोडलं की एवढी लांब टेप धाडकन खाली पडते, फरशीवर पत्रा पडल्यासारखा आवाज होतो.

आवाज झाला नाही. ती वाट बघत होती, आणि आवाज होतच नव्हता.

घरमालक जिन्याच्या वळणावर होते तिथेच होते. तिचा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही, आणि तिला कळलं की यांना ठाऊक आहे. तिने कठड्याला धरून, हळू आवाजात, घरात काय आहे ते विचारलं. त्यांनी किल्ली चोळली. मग बोलले, जिन्यालाही ऐकू जाऊ नये अशा बेताने. काय आहे ते त्यांना माहीत नाही. घर बांधलं तेव्हा नव्हतं, नंतर कधी आलं तेही माहीत नाही. भाडेकरू येतात, पडदे लावतात, निघून जातात. घर रिकामं राहिलं की खाली त्यांच्या खोलीत खळीचा वास यायला लागतो. तेवढंच. वर कुणी राहायला आलं की वास जातो.

म्हणून यांनी काही विचारलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीची लेक सहा वर्षांची आहे हे ठाऊक असून?

"मुलं लवकर रुळतात," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग जणू मोठी सोय सांगावी तसं म्हणाले, "पडदे आखूड ठेवायचे. खाली पाय दिसले, तर पडदा ओढायचा नाही. घर रिकामं असलं की मी रोज जाऊन वाकून बघायचो. इतक्या वर्षांत कधी दिसले नाहीत."

पडदेवालीला त्यांची कीव यावी असं काही नव्हतं. पण आली.

"काका... टेप वर चढत होती."

त्यांना आधी समजलं नाही. तिने हाताने दाखवलं, इथून अशी, अशी वर, दांड्याच्याही वर. त्यांचे डोळे तिच्या हातामागे वर गेले आणि तिथेच राहिले. मग ते सावकाश वळले आणि जिन्यावरून खाली आपल्या उघड्या दाराकडे बघायला लागले. आत त्यांची खोली दिसत होती, खाट, खुर्ची, खिडकी. ते फरशीकडे बघत नव्हते.

धाकटी आणि भिंगरी फाटकाशी पोचल्या तेव्हा पडदेवाली रस्त्यावर उभी होती. तिने भिंगरीचा हात धरला आणि सांगितलं, घर घ्यायचं नाही. धाकटीचा चेहरा उतरला, मग तापला. कारण विचारलं. पडदेवालीच्या जिभेवर सगळं आलं आणि भिंगरीच्या दप्तराकडे बघून परत गेलं. ओल आहे, ती म्हणाली.

धाकटीने ऐकून घेतलं नाही. रस्त्यातच सुनावलं, की तुला जगात एक माणूस भला दिसत नाही, तुझ्या संशयापायी मी फुटपाथवर येणार आहे, आधी स्वतःच्या डोक्यातली ओल बघ. बरोबरच होतं तिचं. हातात आलेलं छप्पर कुणी असं काढून घेतलं तर कुणीही हेच बोललं असतं.

"माझ्याकडे चल," पडदेवाली म्हणाली. "आजच. शिवणाच्या खोलीत राहा दोघी."

"आणि सासूबाई?"

"त्यांना मी बघते."

तिने खरंच बघितलं. सासूबाई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून जेवल्या, तिसऱ्या दिवशी भिंगरीने त्यांना कोडं घातलं आणि त्या हरल्या, मग वळल्या. शिवणाचं यंत्र एका कोपऱ्यात सरकलं. तयार पडदे छताखालच्या दांडीवर लटकलेले असायचे, त्यांच्याखाली गाद्या पसरल्या. धाकटी हळूहळू बोलायला लागली. घर गजबजलं, अडचण झाली, आणि पडदेवालीला पहिल्यांदाच कशाचा म्हणून संशय येईना. शेजारणीने तब्येत विचारली.

टेप परत आणायला तिने कुणाला पाठवलं नाही. मास्तरला सांगितलं हरवली. नवी घेतली.

मग एका संध्याकाळी घरमालकांचा फोन आला. ती शिवणाच्या खोलीच्या दाराशी उभी राहून बोलली. त्यांचा आवाज बदलला होता, दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा. त्यांनी सांगितलं की घर रिकामंच आहे, पण वास नाही. खाली नाही, वरही नाही. तिच्या टेपसाठी त्यांनी आतली खोली पाहिली, धीर करून वर छतापर्यंत पाहिली. टेप नाही. काहीच नाही. कितीतरी वर्षांनी ते दिवा मालवून झोपले. आभार मानायला फोन केला होता.



"एक विचारू?" ते म्हणाले. "तुमच्या धंद्यातली माणसं फार आली इथे. मी खालून ऐकायचो. धर, सोड, धर, सोड. शेवटी प्रत्येक जण सोड म्हणायचा..." ते अडखळले. "तुम्ही निघताना म्हणालात ना?"

तिने फोन कानापासून दूर केला, बंद केला नाही. खोलीत यंत्रावर अर्धवट शिवलेला पडदा होता. आज सकाळी नवं ठाण फाडलं होतं, म्हणून खळीचा वास येत होता. आजच फाडलं होतं ना? सकाळीच. हो, सकाळीच.

लटकत्या पडद्यांमधून भिंगरी बाहेर आली, वही घेऊन, शहाण्यासारखी, सावकाश चालत. गेले काही दिवस ती तशीच चालायची. सगळ्यांनी कौतुक केलं होतं, मावशीकडे आल्यापासून पोर शांत झाली म्हणून.

स्वयंपाकघरातून धाकटी हात पुसत आली. लेकीकडे बघून थांबली, हसली.

"ताई, वेणी छान घातलीस हं हिची. मला नाही जमत इतकी घट्ट. पण अगं, इतकी वर का?"

पडदेवालीने आज तिची वेणी घातलीच नव्हती. तिने पाहिलं. वेणी सुरेख होती, एकही बट सुटलेली नव्हती, पेड अगदी एकसारखे. मानेवर नव्हती. बरोबर टाळूवरून सुरू होत होती, सगळे केस चहूबाजूंनी वर ओढून घेतलेले, इतके की पोरीच्या भुवया ताणल्या होत्या.